१ ऑक्टोबरचे चौघे आणि श्रेयाची ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिनविशेषाच्या सदरात १ ऑक्टोबरला चार नावे एकाखाली एक येतात. सचिनदेव बर्मन (१९०६, कोमिल्ला), ग. दि. माडगूळकर (१९१९, शेटफळे), मजरूह सुलतानपुरी (१९१९, सुलतानपूर) आणि तमिळ अभिनेते शिवाजी गणेशन (१९२८). यातले माडगूळकर आणि मजरूह हे तर एकाच साली, एकाच दिवशी जन्मलेले. एकाने मराठी चित्रगीताला घरोघरच्या ओव्यांची सहजता दिली, दुसऱ्याने उर्दू गझलेची नजाकत हिंदी सिनेमात आणली. दोघे मिळून अर्धशतकाहून अधिक काळ दोन भाषांच्या ओठांवर राहिले.

हाच दिवस जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन असल्याने नाशिकमध्ये त्या संध्याकाळी जुन्या गाण्यांचे कार्यक्रम असतात. ते वाढावेत असेच आम्हाला वाटते. पण या कार्यक्रमांत एक चूक हमखास होते आणि ती लहान नाही. निवेदक सांगतो, ‘आता तलत मेहमूद यांचे गाणे’ किंवा ‘देव आनंदवर चित्रित झालेले गाणे’, आणि गाणे सुरू होते. ज्याच्या तसबिरीला तासाभरापूर्वी हार घातला त्याचेच नाव त्या गाण्यापुढे घेतले जात नाही. चौघांपैकी दोघे गीतकार, एक संगीतकार. त्यांचे काम पडद्यामागचे, त्यामुळे श्रेयाची ओळ गाळली की त्यांची जयंती साजरी होऊनही ते गैरहजरच राहतात. म्हणून निवेदनाचा क्रम ठरवून टाकावा. आधी गीतकार, मग संगीतकार, मग मूळ गायक, शेवटी चित्रपट आणि साल. एवढे सांगायला वीस सेकंद लागतात.

श्रेय द्यायचे तर ते बरोबर हवे, आणि घोटाळा होतो तो इथेच. बर्मन आणि मजरूह यांचा जन्मदिवस एकच, म्हणून दोघांची एकत्र यादी करायला आयोजक बसतात आणि बर्मनांची गाजलेली सगळी गाणी मजरूहांच्या नावावर घालतात. ‘प्यासा’ साहिर लुधियानवींचा आहे. ‘काला बाजार’ आणि ‘गाइड’ शैलेंद्र यांचे, ‘तेरे घर के सामने’ हसरत जयपुरींचा, ‘आराधना’ आनंद बक्षींचा. दोघांच्या खऱ्या जोडीची यादी याहून काही कमी श्रीमंत नाही. ‘पेइंग गेस्ट’ आणि ‘नौ दो ग्यारह’ (१९५७), ‘काला पानी’ आणि ‘चलती का नाम गाडी’ (१९५८), ‘सुजाता’ (१९५९), ‘बंबई का बाबू’ (१९६०), ‘तीन देवियां’ (१९६५), ‘ज्वेल थीफ’ (१९६७), ‘अभिमान’ (१९७३). एवढ्यावर दोन संध्याकाळी निघतील. यातही ‘ज्वेल थीफ’ला जरा थांबावे, कारण त्यातले ‘रुला के गया सपना मेरा’ हे शैलेंद्र यांचे आहे, बाकीची मजरूहांची. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत गीतकारांची नावे मिळतात, पण गीतकार दोन असले की कोणते गाणे कोणाचे हे तिथून समजत नाही. अशा वेळी रेकॉर्डच्या वेष्टनावरची यादी पाहावी आणि तरीही शंका राहिली तर ते गाणे त्या दिवसापुरते बाजूला ठेवावे.

माडगूळकरांच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने होते. त्यांची गाणी इतकी अंगवळणी पडली आहेत की ती कोणी लिहिली असतील हेच विसरले जाते. ‘इंद्रायणी काठी’ हा पारंपरिक अभंग म्हणून सांगितला जातो. तो माडगूळकरांनी ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटासाठी लिहिला, चाल पु. ल. देशपांड्यांची, गायले भीमसेन जोशी. चित्रपटात बाकी सारे पु. लं.चे असल्याने शब्दही त्यांचेच असावेत असा काहींचा समज असतो, तोही चुकीचा. ‘कानडा राजा पंढरीचा’ याचेही तेच. ते ‘झाला महार पंढरीनाथ’ (१९७०) मधले, सुधीर फडके आणि वसंतराव देशपांडे यांनी गायलेले माडगूळकरांचे गीत आहे, संतवाणी नव्हे. आपले शब्द संतांच्या नावावर जावेत हा कवीचा मोठाच मान, पण जयंतीच्या दिवशी तरी मूळ नाव सांगितले पाहिजे. याउलट ‘घनश्याम सुंदरा’ होनाजी बाळाचे, ‘गंगा जमुना डोळ्यात उभ्या का’ पी. सावळारामांचे आणि ‘ऐरणीच्या देवा तुला’ जगदीश खेबूडकरांचे. ही तिन्ही माडगूळकरांच्या खात्यावर टाकू नयेत. ‘बुगडी माझी सांडली गं’ मात्र त्यांचेच, संगीत वसंत पवारांचे. लावणीपासून अभंगापर्यंत एकाच लेखणीची धाव दाखवायची असेल तर ही दोन टोके पाठोपाठ ठेवावीत, निवेदनात वेगळे काही सांगावे लागत नाही. आणि ‘दो आंखें बारह हाथ’ या हिंदी चित्रपटाचे लेखन माडगूळकरांचे, हे आजही अनेकांना नवे वाटते.

आता नाशिककरांच्या हक्काचा भाग. माडगूळकरांचे गीतरामायण १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले आणि वर्षभरात ५६ गीते प्रसारित झाली. त्यातला एक सलग तुकडा आपल्या पंचवटीतला आहे. तो वेगळा काढून इथे सादर होत नाही, उलट ‘पराधीन आहे जगती’ पंचवटीचे म्हणून सांगितले जाते. ते चित्रकूटावर राम भरताला उद्देशून म्हणतो. पंचवटीचा क्रम असा: ‘कोण तू कुठला राजकुमार’ ही शूर्पणखा, मग ‘सूड घे त्याचा लंकापति’, हे शूर्पणखेचेच, पण लंकेत रावणापुढे, मग सुवर्णमृग पाहिलेल्या सीतेचे ‘तोडिता फुले मी’, नंतर ‘याचका, थांबु नको दारात’. इथून राम: ‘कोठे सीता जनकनंदिनी’, ‘ही तिच्या वेणीतिल फुले’. आणि शेवटी जटायूचे ‘पळविली रावणे सीता’. इगतपुरी तालुक्यातले सर्वतीर्थ टाकेद हे जटायूचे स्थान मानतात, हे निवेदनात एका वाक्यात आले तर सीता गुंफेपासून टाकेदपर्यंतचा रस्ता ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

या क्रमात गायक-वादकांची एक मोठी सोय आहे. पहिली चारही गीते स्त्रीपात्रांची, पुढची तीन पुरुषांची. म्हणजे पट्टी (गाण्याचा आधारस्वर) एकदाच बदलायची. गायिका साधारण काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात, गायक काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये. गायक-गायिका आलटून पालटून ठेवले की प्रत्येक गाण्याला तबलजी हातोडी घेऊन बसतो आणि श्रोते घड्याळ पाहतात. दोन पट्ट्यांचे दोन दायां (उजव्या हाताचे तबले) आधीच लावून ठेवावेत, काळी एकसाठी सव्वापाच ते साडेपाच इंची तोंडाचा चालतो. नाशिकच्या परतीच्या पावसात हवा दमट असते, चामडे ओल धरते आणि स्वर उतरतो. रंगमंचावरचे दिवे लागले की तेच चामडे सुकून स्वर चढतो. म्हणून खोलीत लावलेला तबला रंगमंचावर बेसूर वाटतो. दिवे लावून वीस मिनिटे वाद्ये रंगमंचावर ठेवावीत, त्यानंतर लावावीत. संवादिनीचा स्वर हवेने हलत नाही, तेव्हा जुळवायचे ते तिच्याशी.

गायिकांसाठी एक सूचना. ‘कोण तू कुठला राजकुमार’ राक्षसीचे गाणे म्हणून कर्कश गायले जाते. ती त्या क्षणी रूपवती होऊन आलेली असते, मालती पांडे यांचे मूळ गायन ऐकले तर त्यातला लाडिक आर्जव कळतो. खरा राग पुढच्या गीतात आहे, तो तिथेच यावा. या गीतांतली कडवी कापणेही टाळावे. ही कथागीते आहेत, मधले कडवे गेले की कथेतला दुवा जातो. पूर्ण गीताला सात-आठ मिनिटे लागतात, सात गीते म्हणजे निवेदनासह सुमारे एक तास. तेवढा वेळ नसेल तर तीनच गीते घ्यावीत, पण पूर्ण घ्यावीत.

मजरूहांची गाणी मराठी गळ्यातून येताना अडचण सुरांची नसते, उच्चारांची असते. ‘सुजाता’मधले ‘जलते हैं जिसके लिए’ हे उदाहरण घ्या. नायक ते टेलिफोनवर गातो. मराठीत ‘जळणे’ म्हणताना ज दंत्य येतो, ‘जग’मधल्यासारखा. तीच सवय हिंदीत उतरते आणि पहिल्याच अक्षराला गाणे घसरते. इथे ‘जीव’मधला ज हवा. उलट ‘ज़िंदगी’, ‘ज़ुल्फ’ या शब्दांत हवा घासत जाणारा ज़ लागतो, तिथे मात्र आपण ‘जीव’मधला ज वापरतो. म्हणजे नेमकी अदलाबदल होते. उपाय सोपा आहे. गाण्याचा कागद अठरा पॉइंटमध्ये छापावा, प्रत्येक नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) लाल शाईने ठळक करावा आणि सूर न लावता आधी तीनदा नुसते वाचन करावे. ते गाणे टेलिफोनवरचे असल्याने माइक ओठांपासून दोन-तीन इंचांवर ठेवून हलक्या आवाजात गायचे असते. जोर लावला की तलत यांच्या आवाजातला कंप दूरच राहतो, नुसता थरकाप ऐकू येतो.

त्याच ‘सुजाता’त या दिवसाचे खरे गाणे आहे. ‘सुन मेरे बंधु रे’. शब्द मजरूहांचे, चाल बर्मनांची आणि आवाजही बर्मनांचाच. १ ऑक्टोबरचे दोघे एकाच गाण्यात भेटतात आणि त्यातला एक ते स्वतः गातो, अशी गाणी मोजकीच. त्याची चाल पूर्व बंगालच्या नावाड्यांच्या भटियालीची आहे. पाण्यावर हाक लांब जावी तसा स्वर लांबवायचा असतो, ठेक्याची घाई चालत नाही. म्हणूनच ते कराओकेवर बिघडते. ट्रॅकची लय ठरलेली, स्वर लांबवला की पुढची ओळ निघून जाते. एक एकतारी, एक बासरी, बस. बर्मनांच्या आवाजाची नक्कलही करू नये. गाणाऱ्याने आपल्याच आवाजात गावे. बाकीच्या गाण्यांना कराओके वापरणारांनी पट्टी दोन स्वरांपेक्षा जास्त वरखाली करू नये, त्यापुढे वाद्यांचा आवाज यंत्रासारखा होतो. (सचिन तेंडुलकरांचे नाव त्यांच्या वडिलांनी याच सचिनदेवांवरून ठेवले. ज्येष्ठांसोबत आलेल्या नातवंडांना तेवढे सांगितले तरी ती सरसावून बसतात.)

शिवाजी गणेशन यांना मात्र आपल्याकडे नुसता फोटो मिळतो, कारण तमिळ कळत नाही. खरे तर मराठी माणसाला त्यांचे नाव सर्वांत जवळचे असायला हवे. त्यांचे नाव गणेशन. छत्रपती शिवाजी महाराजांवरच्या अण्णादुराईंच्या तमिळ नाटकात त्यांनी महाराजांची भूमिका केली, ती पाहून द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटले आणि तेच नाव जन्माचे झाले. ‘वीरपांडिय कट्टबोम्मन’ (१९५९) मधल्या भूमिकेसाठी १९६० साली कैरोच्या आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटात कराची मागणी करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यासमोरचा प्रवेश आहे. तो आधी मराठीत वाचून दाखवावा आणि मग तमिळ संवाद ऐकवावा. देवळालीच्या छावणी भागात तमिळ बोलणारी मंडळी आहेत, त्यांच्यापैकी कुणी रंगमंचावरून म्हटला तर उत्तमच. अर्थ आधी कळलेला असला की भाषा आड येत नाही, आवाजाची चढउतार पुरते. पंधरा मिनिटे या भागाला ठेवावीत.

नाशिकशी आणखी एक धागा जुळतो. मजरूहांना १९९३चा आणि शिवाजी गणेशन यांना १९९६चा दादासाहेब फाळके पुरस्कार आहे. हा पुरस्कार मिळवणारे मजरूह पहिले गीतकार. ज्यांच्या नावाचा हा पुरस्कार, त्या फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच त्यांनी देह ठेवला. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. चार तसबिरींच्या बाजूला पाचवी फाळक्यांची ठेवावी, तिला कारण सांगावे लागणार नाही.

तसबिरींचे म्हणाल तर सर्वाधिक चुका तिथेच होतात. सचिनदेवांच्या जागी चिरंजीव राहुलदेवांचा फोटो लागतो. राहुलदेवांचा जन्मदिवस २७ जून. सचिनदेव म्हणजे धोतर-कुडता आणि जाड काड्यांचा चष्मा, ही खूण लक्षात ठेवावी. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, १२ बाय १८ इंची छपाईला तो फुटतो. तेवढ्या आकाराला किमान १८०० बाय २७०० पिक्सेल हवेत. नाव तसबिरीच्या आत खाली लिहिले तर झेंडूच्या हाराखाली झाकले जाते, म्हणून नावाची पट्टी वेगळी आणि चौकटीच्या खाली लावावी. फ्लेक्सवाल्याकडे मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये जाताना ऱ्हस्व-दीर्घ बदलतात. ‘माडगूळकर’मधला गू दीर्घ, ‘मजरूह’मधला रू दीर्घ. छपाईआधी एक प्रत कागदावर काढून दोघांनी वाचावी, मोबाइलच्या पडद्यावर ही चूक दिसत नाही. आणि ‘१०७वी जयंती’ की ‘१०८वी’ हा वाद टाळायला साधी वजाबाकी पुरे: २०२६ वजा १९१९, म्हणजे १०७.

परवान्यांबद्दल गैरसमज फार आहेत. गाणे जुने म्हणजे मोकळे, असे नाही. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. बर्मन १९७५ साली गेले, माडगूळकर १९७७ साली, मजरूह २००० साली. म्हणजे हक्क अनुक्रमे २०३५, २०३७ आणि २०६० अखेरपर्यंत आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो प्रकाशनापासून ६० वर्षांचा. त्यामुळे १९५९ची मूळ तबकडी वाजवणे आणि तेच गाणे नव्याने गाणे, या कायद्याच्या नजरेत दोन गोष्टी आहेत. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणाला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तिकीट किंवा देणगी-प्रवेशिका लावली की ती सवलत धरून चालता येत नाही, आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवाना आधी काढावा. चित्रफीत यूट्यूबवर टाकली तर हक्कदाराचा दावा येऊ शकतो, तोही गृहीत धरावा.

वेळेचे गणित असे बसते. साडेपाचला सुरुवात, आठला शेवट. चौदा गाणी सरासरी सहा मिनिटांची, ८४ मिनिटे. निवेदन २१, शिवाजी गणेशन १५, दीपप्रज्वलन ५, मध्यंतर १०. उरतात १५ मिनिटे, ती हातची ठेवावीत. पंचवटीचा तास घ्यायचा असेल तर बाकीची गाणी सहा-सातच बसतील, ते आधीच मान्य करावे. सत्कारांना यात जागा नाही. एका शाल-श्रीफळाला तीन मिनिटे जातात, दहा सत्कार म्हणजे अर्धा तास, आणि मग शेवटची पाच गाणी एकेका कडव्याची होतात. सत्कार करायचेच असतील तर ते सगळी गाणी झाल्यावर करावेत. मोकळ्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, शाळा-रुग्णालयापासून १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात तर दिवसाही ५० डेसिबलची मर्यादा आहे. परतीचा पाऊस पाहता बंदिस्त सभागृहच बरे. काही वर्षी १ ऑक्टोबर नवरात्रात येतो, तेव्हा कालिका यात्रेमुळे मुंबई नाक्याकडची वाहतूक संध्याकाळी अडते. त्या वर्षी अर्धा तास लवकर सुरू करावे.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. १ ऑक्टोबरच्या दिनविशेषात या चौघांची नुसती नावे न देता प्रत्येकाच्या दोन-दोन कृती, सहकाऱ्यांच्या नावांसह आणि सालासह, छापाव्यात. आयोजक तोच मजकूर कापून निवेदकाच्या हाती देतात. तो आठवडाभर आधी, २४ सप्टेंबरच्या सुमारास आला तर गाण्यांच्या याद्या छापायला जाण्यापूर्वी सुधारता येतील.

आपले,
रसिक वाचक, पंचवटी, नाशिक